'गिअरबॉक्स गेला' हा निकाल तपासाच्या शेवटी हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑटोमॅटिक गाडीने झटका मारला, गिअर पडायला वेळ लागला किंवा डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला, की मुंबईतल्या बऱ्याच गॅरेजांत पहिल्या दहा मिनिटांतच निकाल लागतो: 'बॉक्स गेला, बदलावा लागेल.' एस्टिमेट लाखाच्या घरात जाते. गाडीवाला हबकतो. गाडीचे हप्ते अजून चालू असतात, त्यामुळे एकतर तो कर्ज काढून पैसे भरतो, नाहीतर येईल त्या भावाला गाडी फुंकून टाकतो. हा निकाल तपासाच्या शेवटी यायला हवा, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे. तपासाचा क्रम ठरलेला आहे आणि तो स्वस्ताकडून महागाकडे जातो: आधी ब्रेकचा स्विच आणि बॅटरी, मग इंजिनाचे माउंटिंग, मग ऑइल, मग स्कॅनर आणि सगळ्यात शेवटी पाना, म्हणजे बॉक्स खोलणे. एवढा क्रम गाडीमालकाला माहीत असला, तरी बरेच वाद गॅरेजच्या दारातच मिटतील.

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आपल्या रस्त्यांवर चार जातींचे गिअरबॉक्स फिरतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. एएमटीमध्ये (ऑटोमेटेड मॅन्युअल) आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट असते. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे ॲक्च्युएटर नावाचे यंत्र करते. २०१४ साली सेलेरिओबरोबर ही जात आपल्याकडे रुळू लागली आणि आज स्वस्तातल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या याच आहेत. दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिन आणि गिअर यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाची, इनोव्हा क्रिस्टा किंवा नव्या ब्रेझात असते तशी. तिचा सगळा कारभार ऑइलच्या दाबावर चालतो. तिसरी सीव्हीटी, उदाहरणार्थ होंडा सिटी. तिच्यात दातांचे गिअर बदलत नाहीत, दोन पुलींमधला पोलादी पट्टा वरखाली सरकतो. चौथी ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी; एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. आपल्याकडे यातली कोणती आहे ते ओनर्स मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. ते न विचारताच जो 'गिअर ऑइल बदलून बघू' म्हणतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

लिव्हर 'पी'मधून (पार्किंग) निघतच नाही, ही तक्रार सर्रास येते. यात पहिला संशय गिअरबॉक्सवर घ्यायचाच नसतो. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच बसवलेला असतो. ब्रेक दाबल्याची खबर त्याच्याकडून कंट्रोल युनिटला, म्हणजे गिअर सांभाळणाऱ्या संगणकाला, मिळाली नाही, तर लिव्हर अडकून राहतो. एएमटीमध्ये त्याच कारणाने इंजिन सुरू होत नाही किंवा 'एन'वरून (न्यूट्रल) गिअर पडत नाही. तपास घरच्या घरी होतो. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे असताना ब्रेक दाबा आणि आरशात पाहा. भिंतीवर लाल उजेड पडत नसेल तर आधी फ्यूज, मग स्विच. स्विच काही शे रुपयांचा आणि बदलायला अर्धा तास. तोवर गाडी हलवायची झाली तर बऱ्याच मॉडेलांत लिव्हरजवळ एक झाकलेली खाच असते. हँडब्रेक ओढून, झाकण काढून, आत स्क्रू ड्रायव्हरने दाबले की लिव्हर सुटतो.

बॅटरीचेही तसेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहून रविवारी दोन किलोमीटर फिरणारी गाडी मुंबईत घरोघर आहे. तिची बॅटरी कधीच पुरती भरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतील तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. सेल्फ मारताना व्होल्टेज १०च्या खाली कोसळत असेल, तर गिअरचे कंट्रोल युनिट गोंधळते आणि खोटे कोड (दोषाचे क्रमांक) साठवते. एएमटी आणि डीसीटी यांना हा त्रास सर्वांत जास्त. बॅटरी ठणठणीत असेल तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्रालगतच्या भागात खाऱ्या हवेने तिच्या बोल्टखाली हिरवा-पांढरा गंज साचतो. पट्टी काढून, दोन्ही टोके सँडपेपरने घासून पुन्हा आवळली की काही 'गेलेले' बॉक्स तिथल्या तिथे बरे होतात.

'डी' (पुढे) किंवा 'आर' (मागे) टाकताना खाडकन झटका बसतो, यातही निम्म्या वेळा दोष बाहेरच असतो. बॉनेट उघडा, ब्रेक घट्ट दाबून धरा, हँडब्रेकही ओढा, आणि गाडीच्या पुढे नव्हे तर बाजूला एकाला उभे करून 'डी'मधून 'आर', 'आर'मधून 'डी' करा. इंजिन किंचित कलले तर ठीक. ते उचलून आदळत असेल तर रबराचे माउंटिंग फाटले आहे. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे रबर लवकर सुटते. दुसरे, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, पाहा. गरम इंजिनाचे आयडलिंग ७०० ते ८०० आरपीएमऐवजी ११००-१२०० वर अडकले असेल, तर चांगला गिअरबॉक्सही झटका मारणारच. तिथे इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ करायची असते, बॉक्स उतरवायचा नसतो.

आता ऑइल. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्समध्ये ऑइल वंगण म्हणून असतेच, शिवाय तेच इंजिनाची ताकद चाकांकडे नेते, तेच क्लच दाबते आणि तेच उष्णता बाहेर काढते. म्हणून पातळीत अर्ध्या लिटरचा फरक पडला तरी गाडी बोलू लागते. ऑइल कमी असेल तर वळणावर पंप हवा ओढतो आणि गिअर क्षणभर सुटल्यासारखा वाटतो. जास्त असेल तर फेस होतो, दाब बसत नाही आणि हवेच्या वाटेतून, म्हणजे ब्रीदरमधून, ऑइल बाहेर फेकले जाते. डिपस्टिक असलेल्या गाडीत बहुतेक कंपन्यांची पद्धत अशी: गाडी सपाट जागी, इंजिन पुरते गरम आणि चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, पुन्हा 'पी'त आणून मग डिपस्टिकवरची 'हॉट' खूण पाहायची. नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट घेऊन, स्कॅनरवर ऑइलचे तापमान बघत, बऱ्याच मॉडेलांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, चालू इंजिनावर लेव्हल प्लग खोलतात. धार थांबून थेंब थेंब ठिबकू लागले की पातळी बरोबर. तापमान न पाहता 'जेवढे निघाले तेवढेच भरले' म्हणणारा अर्धेच काम करतो, कारण आधी गळती असेल तर निघालेलेच ऑइल मुळात कमी होते.

पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. लाल किंवा तपकिरी लाल आणि पारदर्शक, तर चिंता नाही. काळे आणि करपलेल्या वासाचे, तर क्लच प्लेटांचे अस्तर जळले. गुलाबी दुधाळ दिसले, तर आत पाणी किंवा कूलंट शिरले. ऑइल थंड करणारी नळी काही गाड्यांत रेडिएटरच्या पोटातूनच जाते. ती आत फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये मिसळते. कूलंटमधले ग्लायकोल प्लेटांवरचे अस्तर चिकटवणारा थर सोडवते. गुलाबी ऑइल दिसले की एक किलोमीटरही गाडी चालवायची नाही, उचलूनच न्यायची. नुसते ऑइल बदलून हा प्रकार फार काळ निभत नाही.

ऑइल बदलताना बॉक्सच्या तळाचा चेंबर खोलला तर त्यातले लोहचुंबक गाडीमालकाने स्वतः पाहावे. त्यावर करडी, बोटाला लागणारी मऊ पेस्ट असतेच; ती नेहमीच्या झिजेची, तिला घाबरू नये. पितळी चमकीचे कण म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजतो आहे. नखाला टोचणारे पोलादी तुकडे निघाले तर बेअरिंग किंवा प्लॅनेटरी गिअर तुटत आहेत. तळाला काळा धाग्याधाग्यांचा गाळ असेल तर क्लचचे अस्तर. आपल्यासमोर चेंबर उघडायला जो नकार देतो, त्याच्या निकालावर विश्वास का ठेवायचा?

किती ऑइल बदलले जाते, याचा हिशेब फारसा कोणी सांगत नाही. समजा बॉक्समध्ये एकूण ७ लिटर ऑइल आहे. प्लग काढल्यावर सुमारे ३ लिटर बाहेर येते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहते. म्हणजे एकदा बदलल्यावर नवे ऑइल ४३ टक्केच. दोनतीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढेच बदलले की ६७ टक्के, तिसऱ्यांदा ८१. म्हणून फार वर्षे न बदललेल्या बॉक्ससाठी मशिनने दाबून फ्लश करण्यापेक्षा दोन-तीनदा साधे काढणे-भरणे मला जास्त पसंत आहे. जुना गाळ उचलला जाऊन ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकायची भीती त्यात कमी. आणि ऑइल तेच, जे मॅन्युअलमध्ये लिहिले आहे. टोयोटाच्या डब्ल्यूएस ग्रेडच्या जागी जुने डेक्स्रॉन-थ्री, किंवा सीव्हीटीच्या एनएस-थ्री अथवा एचसीएफ-टूच्या जागी साधे एटीएफ (ऑटोमॅटिकचे नेहमीचे ऑइल) भरणे म्हणजे बॉक्सचा जीव घेणे. डबा सीलबंद आपल्यासमोर फोडून घ्या. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात योग्य ग्रेडचा डबा शोधून मिळतो. सुट्या पिंपातले स्वस्त ऑइल घेण्याचे काहीच कारण नाही.

'या बॉक्सचे ऑइल कधीच बदलायचे नसते' हे वाक्य शोरूममध्ये फार ऐकू येते. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर मात्र बऱ्याच कंपन्या 'खडतर वापर' म्हणून वेगळा तक्ता देतात. तुंबलेली वाहतूक, कमी अंतराच्या फेऱ्या, कडक उन्हाळा, घाटाचे रस्ते, हे सगळे त्यात मोडते. सकाळी घोडबंदर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, संध्याकाळी सायन-पनवेल, सुट्टीत खंडाळ्याचा घाट. मुंबईची गाडी दुसऱ्या कुठल्या तक्त्यात बसणार? टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचे ऑइल या शहरात ४० ते ५० हजार किलोमीटरला बदलावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र गाडी आधीच स्लिप होत असेल, आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही अशी अवस्था असेल, तर नवे ऑइल हा इलाज नाही. झिजलेले अस्तर ऑइलने भरून येत नाही. तिथे ऑइलचेही पैसे घ्यायचे आणि आठवड्याने ओव्हरहॉलचेही, हा दुहेरी खर्च ग्राहकाने टाळावा.

दोन परीक्षा प्रत्येकाने शिकून घ्याव्यात. पहिली वेळेची. गाडी गरम, आयडलिंग स्थिर, ब्रेक दाबलेला. 'एन'मधून 'डी' टाकल्यापासून गिअर बसल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंत किती वेळ जातो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मध्ये एकेक मिनिट सोडून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. टोयोटाच्या बॉक्ससाठी 'डी'ला १.२ सेकंदांच्या आत आणि 'आर'ला १.५च्या आत, हा वर्कशॉपमधला दंडक. इतर टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांनाही अंदाज म्हणून तो वापरता येतो. दोन सेकंदांच्या वर गेले तर दाब कमी आहे: ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला, सील कडक झालेले किंवा व्हॉल्व्ह बॉडीत दोष, याच क्रमाने शोधावे.

दुसरी परीक्षा थरथरीची. ५० ते ७०च्या वेगाने, पाय हलका ठेवून एकसारखी जात असताना गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी कंप पावते. टॉर्क कन्व्हर्टरचा आतला, इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच नीट धरत नसेल तर असे होते. पण इंजिनाचा एक सिलिंडर मिस होत असेल, प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर असेल, तरी हुबेहूब असेच वाटते. फरक ओळखायला मोकळा सरळ रस्ता हवा आणि मागे गाडी नको. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलके, दिवा लागेल एवढेच दाबा. ब्रेकचा संदेश मिळताच कंट्रोल युनिट लॉक-अप सोडते. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अपचा. चालूच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल तपासा. लॉक-अपच्या थरथरीला योग्य ग्रेडचे ऑइल दोनदा बदलून पुष्कळदा उतार पडतो. नाही पडला तर लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), आणि शेवटी टॉर्क कन्व्हर्टर.

स्कॅनरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हजार-पंधराशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच युनिट वाचतो आणि पी०७०० दाखवून थांबतो. पी०७००चा अर्थ 'गिअरच्या युनिटने काहीतरी नोंद केली आहे, तिकडे जाऊन वाचा', एवढाच. त्यावरून बॉक्स गेल्याचे सांगणारा माणूस निरोप वाचून पत्र वाचल्याचा दावा करतो आहे. गिअरच्या युनिटमध्ये शिरणारा स्कॅनर लावला की खरा कोड दिसतो. पी०७०५ म्हणजे लिव्हर कोणत्या खाचेत आहे हे सांगणारा स्विच किंवा त्याची वायर. पी०७१५ आणि पी०७२० हे बॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या (इनपुट-आउटपुट) वेगाचे सेन्सर. पी०७४१ लॉक-अपचा. पी०७५०च्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे. यातले बरेचसे दोष बॉक्स न उतरवता, कधी नुसता वायरीचा कपलर साफ करून, तर कधी चेंबर किंवा बाजूचे झाकण खोलून निघतात. आपल्या शहरात तर उंदीरच वायरींचा जुडगा (हार्नेस) कुरतडून ठेवतात. वायरिंग नीट पाहिल्याशिवाय सेन्सर बदलू नये. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून हळू चालू लागली, म्हणजे लिंप मोडमध्ये गेली, तर ते युनिटने स्वतःला आणि बॉक्सला सांभाळण्यासाठी केलेले असते. इंजिन बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. पुन्हा तसेच झाले तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश चला, पण रस्त्यात कोणालाही कोड उडवू देऊ नका. कोड पडला तेव्हाचे तापमान, वेग आणि आरपीएम युनिटने टिपून ठेवलेले असतात. कोड उडवला की तो पुरावाही जातो.

पी०७३० मात्र गंभीर. इनपुट आणि आउटपुट वेगांचे गुणोत्तर गिअरच्या रेशोशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. हे गणित गाडीमालकाला स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर स्वतः करून पाहता येते. समजा तिसऱ्या गिअरचा रेशो १.५ आहे आणि आउटपुट शाफ्ट १४०० आरपीएमने फिरतो आहे. मग इनपुट २१०० दिसला पाहिजे. २४०० दिसत असेल तर ३०० आरपीएम क्लचमध्ये घसरत आहेत आणि तो क्लच जळतो आहे. बॉक्स खोलावा लागेल, हे इथे कबूल करावे. पण हा आकडा स्क्रीनवर पाहून मगच.

एएमटीच्या गाडीचा रोग वेगळा. सिग्नलला चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे ही सवय या शहरात फार आहे. फ्लायओव्हरच्या चढावर रांगेत उभ्या गाड्या पाहिल्या की कळते. तेव्हा अर्धी सुटलेली क्लच प्लेट फ्लायव्हीलवर सतत घासत असते. करपट वास, डॅशवरचा इशारा आणि मग गाडी स्वतःहून 'एन'मध्ये जाते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत आणि फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा आहेत का ते पाहावे. आणि मुख्य म्हणजे, नवी प्लेट बसवल्यावर क्लच कुठे पकडतो ती जागा स्कॅनरने युनिटला नव्याने शिकवावी लागते. हे लर्निंग न करता गाडी दिली की ती पहिल्या दिवसापासून झटके मारते, आणि मग दोष ॲक्च्युएटरवर ढकलला जातो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरच्या गाडीत ड्रायव्हरचे दार उघडताच बॉनेटखालून पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती काही सेकंदांत थांबली पाहिजे. गाडी नुसती उभी असताना पंप पुन्हा पुन्हा लागत असेल तर दाब कुठेतरी उतरतो आहे: गळती, नाहीतर दाब साठवणारा अक्युम्युलेटर कमजोर. त्याच्या टाकीत कंपनीने सांगितलेलेच ऑइल घालावे. तिथे ब्रेक ऑइल ओतून सील फुगवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या, क्लचच्या डीसीटीलाही उष्णताच मारते. ब्रेक अर्धवट दाबून इंच-इंच सरकणे हे तिच्यासाठी सर्वांत वाईट. पुढच्या गाडीला एक गाडीभर अंतर मिळू द्या, मग एकदम पुढे जा आणि ब्रेक पूर्ण दाबा. पूर्ण ब्रेकवर क्लच सुटा राहतो. तापमानाचा इशारा आला तर कडेला घेऊन 'पी'त टाका आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे थंड होऊ द्या. ओल्या क्लचच्या बॉक्सला ऑइल बदलण्याचा ठरलेला अवधी असतो, तो चुकवू नये. सीव्हीटीत आरपीएम आधी चढून वेग मागून येणे हा तिचा स्वभावच आहे, ते स्लिपिंग नव्हे. वेगाबरोबर वाढत जाणारी शिट्टी किंवा वीस-तीसच्या वेगाला जाणवणारा कंप मात्र दुर्लक्षू नका. आधी ऑइल, मग व्हॉल्व्ह बॉडी. पट्ट्याने पुलीवर ओरखडे पाडले की दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

उतारावरच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पोडियमच्या रॅम्पवर, थेट 'पी'त टाकून ब्रेक सोडला तर गाडीचा सगळा भार बॉक्समधल्या बोटाएवढ्या खिट्टीवर येतो. सकाळी 'पी'तून काढताना होणारा खाडकन आवाज तिचाच. आधी 'एन', मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची आणि त्यानंतर 'पी'. खंडाळा किंवा कसारा उतरताना 'एन' टाकून पेट्रोल वाचवू पाहणाऱ्यांनी तो नाद सोडावा. इंजिनाचा ब्रेक जातो, चाकाचे ब्रेक तापतात. 'एल', 'एस' किंवा मॅन्युअल मोडवर दुसरा-तिसरा गिअर धरावा.

पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे येथे अडकलेल्या गाड्यांत इंजिनाची चर्चा होते, गिअरबॉक्सची कोणी करत नाही. बॉक्सच्या वर हवा जायला ब्रीदर असतो. तापलेला बॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. क्लच प्लेटांचे अस्तर कागदी जातीचे असते, ते पाण्याने फुगून सुटते. म्हणून पाणी चाकाच्या निम्म्यावर चढलेल्या ठिकाणी उभी राहिलेली गाडी सुरू करू नये आणि 'डी' टाकून पाहूही नये. फ्लॅटबेडवर नेऊन आधी थोडे ऑइल काढून बघावे. दुधाळ असेल तर चालवण्याआधीच ते बदलून घ्यावे, आणि एकदा बदलून भागत नाही. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनच्या ॲड-ऑनमध्ये गिअरबॉक्सचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्यावे.

टोइंगबाबत वाहतूक पोलिसांकडे आणि त्यांच्या कंत्राटदारांकडे माझी एक मागणी आहे. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी मागची चाके उचलून, पुढची जमिनीवर ठेवून ओढली, तर 'पी'तली खिट्टी तुटते किंवा इंजिन बंद असल्याने पंप न फिरता बॉक्स कोरडा फिरतो. लिव्हरकडे काचेतून एक नजर टाकली की गाडी ऑटोमॅटिक आहे हे कळते. अशा गाडीची इंजिनाने फिरणारी चाके उचलावीत, नाहीतर चाकांखाली ट्रॉली द्यावी.

आणि खरोखरच बॉक्स खोलायची वेळ आली तर? कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर तुटलेल्या गाड्यांचे बॉक्स मिळतात. तसा बॉक्स घेण्याआधी त्याच्या प्लगमधून कपभर ऑइल काढायला लावा. पुरात बुडालेल्या गाड्यांचे बॉक्सही याच बाजारात येतात. बॉक्सवरच्या पट्टीवरचा कोड आपल्या बॉक्सशी अक्षरशः जुळला पाहिजे, नाहीतर युनिट त्याला ओळखत नाही. आपलाच बॉक्स ओव्हरहॉल करायचा असेल तर क्लच प्लेटा, सगळे सील-गॅस्केट आणि फिल्टर नवे हवेत, व्हॉल्व्ह बॉडी धुतलेली हवी, टॉर्क कन्व्हर्टर कापून साफ केलेला किंवा बदललेला हवा आणि ऑइल कूलर दोन्ही दिशांनी धुतलेला हवा. कूलर राहिला तर जुना चुरा पहिल्याच दिवशी नव्या प्लेटांत उतरतो. ओव्हरहॉल केलेले बॉक्स तीन महिन्यांत परत येतात ते बहुधा याच कारणाने.

गॅरेजवाल्यांना विनंती आहे की एस्टिमेटच्या कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: गिअरच्या युनिटमधून निघालेला कोड, ऑइलची पातळी कोणत्या तापमानाला पाहिली, कोणते ऑइल किती लिटर घातले आणि लर्निंग केले की नाही. गाडीमालकांनी या चार ओळी भरल्याशिवाय बॉक्स उतरवायला होकार देऊ नये.

आपला नम्र,
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामातला एक वाचक, कुर्ला, मुंबई